दोन माग, दोन पडदे

(वित्त-कार्यालयांतील कर्मचाऱ्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या अभ्यासवर्गाचा विषय वरवर पाहता किरकोळ वाटण्याचा संभव आहे. वित्त-कार्यालयात काम करणाऱ्या माणसासमोर संगणकाचा एक पडदा असावा की दोन, हा काय पक्षाच्या व्यासपीठावर चर्चा करण्याजोगा प्रश्न आहे, असे एखादा जुना कार्यकर्ता सहज विचारील. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची परवड हे प्रश्न दारात उभे असताना मेजावरच्या सामानाची चिकित्सा कशाला? ही शंका अगदीच गैर नव्हे. परंतु तिचे उत्तर गिरणगावाच्या इतिहासात आहे, म्हणून आरंभ तेथूनच करणे उचित.

१९२८ साली मुंबईच्या कापड गिरण्यांतील सुमारे दीड लाख कामगारांनी एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप केला. त्या संपाच्या मुळाशी जी कारणे होती, त्यांत एक कारण मागांच्या संख्येचे होते. काही गिरण्यांच्या चालकांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली अशी योजना आणली होती, की विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत आणि कातणाऱ्याने पूर्वीच्या दुप्पट काम पाहावे. मालकपक्षाचे म्हणणे असे, की सूत चांगले दिले, यंत्रे नीट ठेवली, तर एका माणसाला तीन माग जड जाणार नाहीत. शिवाय त्याची मजुरीही काहीशी वाढेल. साचेखात्यातील माणसाने यावर जो हिशेब मांडला तो सरळ होता. तिसऱ्या मागाचे कापड मालकाचे; तिसऱ्या मागाचा शीण कामगाराचा; आणि त्या मागावर उभा असलेला तिसरा माणूस रस्त्यावर. संप मिटल्यानंतर सर चार्ल्स फॉसेट यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढेही हा वाद गेला. म्हणजे एका माणसासमोर किती यंत्रे असावीत हा प्रश्न मुंबईच्या कामगार चळवळीला नवा नाही.

आज त्याच लोअर परळमध्ये चित्र पालटले आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतरच्या काळात गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. त्यांच्या जमिनींवर काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांत बँका, दलाली पेढ्या, गुंतवणूक संस्था यांची कार्यालये थाटली गेली. ज्या भूमीवर आजोबांनी तिसरा माग नाकारला, त्याच भूमीवर नातू दोन पडद्यांसमोर बसला आहे. तेव्हा दुसरा पडदा हा दुसऱ्या युगातला तिसरा माग आहे काय, हा प्रश्न विचारणे कोणालाही अप्रस्तुत वाटू नये.

पडदा काय करतो

या प्रश्नाचे उत्तर घाईने ‘होय’ असे देणे चुकीचे ठरेल. त्यासाठी प्रथम कामाचे स्वरूप पाहिले पाहिजे. पुरवठादारांची देणी भागवणाऱ्या विभागातील एखाद्या कर्मचारी भगिनीचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. तिच्यासमोर पुरवठादाराचे बीजक येते. ते खरेदीच्या मूळ मागणीपत्राशी आणि गोदामात माल पोचल्याच्या नोंदीशी ताडून पाहावयाचे असते. मागणी शंभर नगांची, माल आला पंच्याण्णव नग आणि बीजक मात्र शंभरांचे, असे असेल तर पैसे रोखावयाचे. तिन्ही जुळले, तर रक्कम, कर, खाते क्रमांक यांची नोंद हिशेबाच्या प्रणालीत करावयाची. महिनाअखेरीस बँक जुळवणी पत्रक तयार करणाऱ्याचेही काम जातीने हेच: एकीकडे बँकेचा उतारा, दुसरीकडे रोखपुस्तक आणि मध्ये माणसाचे डोळे.

कागदी खातेवह्यांच्या काळात या तिन्ही वस्तू मेजावर शेजारी शेजारी पसरून ठेवता येत. एक बोट बिलावर, दुसरे खातेवहीवर, अशी मेळ घालण्याची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती. संगणक आला आणि हे विस्तीर्ण मेज एका लहानशा चौकटीत कोंडले गेले. बीजक पाहावयाचे तर हिशेबाचा तक्ता झाकला जातो. तक्ता उघडावा तर बीजक दिसेनासे होते. मग आकडा डोक्यात धरून खिडकी बदलावयाची, तो भरावयाचा आणि खातरजमेसाठी पुन्हा परत जावयाचे. या ये-जा करण्यात ६७,४५० चे ६४,७५० होतात आणि दोष माणसाच्या नावावर जमा होतो. दुसरा पडदा आल्याने हे कोंडलेले मेज थोडे पुन्हा पसरते. बीजक डावीकडे, नोंद उजवीकडे. आकडा लक्षात ठेवण्याचा भार कमी, चूक होण्याची भीती कमी. हा लाभ खरा आहे आणि तो नाकारणे म्हणजे काम करणाऱ्याचा अनुभव नाकारणे होय.

गांधीजींच्या यंत्रविषयक भूमिकेची येथे आठवण करणे उपयुक्त ठरेल. यंत्रांच्या हव्यासावर टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शिवणयंत्राला मात्र अपवाद केला होता. त्यांच्या मते ते यंत्र माणसाचे कष्ट हलके करण्याच्या प्रेमळ इच्छेतून जन्मले होते, आणि माणसाचे अवयव निकामी न करता त्याच्या हाताला साहाय्य देणारे यंत्र त्यांना त्याज्य वाटत नव्हते. या कसोटीवर घासले, तर दुसरा पडदा शिवणयंत्राच्या जवळचा आहे. तो काम करणाऱ्याला हवा आहे. म्हणून जी संघटना त्याला सरसकट विरोध करील, ती आपल्याच सभासदांपासून दूर जाईल.

वाचलेला वेळ कोणाचा?

मग तिसऱ्या मागाशी त्याचे साम्य कोठे येते? ते येते वाचलेल्या वेळाच्या मालकीपाशी. एक साधा हिशेब मांडून पाहावा. समजा, एका पडद्यावर एका बिलाला तीन मिनिटे लागत होती. साडेसात तासांच्या प्रत्यक्ष कामात दीडशे बिले होत. दुसरा पडदा मिळाल्यावर प्रत्येक बिलामागे वीस सेकंद वाचले. म्हणजे दीडशे बिलांमागे दिवसाला पन्नास मिनिटे वाचली. ही पन्नास मिनिटे कोणाची? ती कर्मचाऱ्याच्या पदरात पडली, तर तिला डोळे मिटून बसता येईल, एखादे अवघड प्रकरण शांतपणे तपासता येईल, नवे काम शिकता येईल, किंवा वेळेवर निघून सहाची गाडी पकडता येईल. परंतु बहुधा घडते ते असे, की दोन-तीन महिन्यांत दीडशेचे लक्ष्य एकशे अडुसष्ट होते. वेतन तेवढेच, तास तेवढेच. वाढली ती बिले.

हाच हिशेब शंभर माणसांच्या विभागाला लावला, तर दिवसाची पंधरा हजार बिले उरकण्यास आता नव्वद माणसे पुरतात. उरलेल्या दहांना कोणी काढून टाकतेच असे नाही. कोणी निवृत्त होतो, कोणी नोकरी सोडतो आणि त्या जागा भरल्या जात नाहीत, एवढेच. साधारण दहा-बारा हजार रुपयांचा एक पडदा एकदाच विकत घ्यावयाचा आणि त्यातून दरमहा अनेकांचे वेतन वाचवावयाचे, असा हा व्यवहार आहे. येथे संप होत नाही, कपातीची नोटीस लागत नाही, वर्तमानपत्रांत बातमी येत नाही. पदे निःशब्दपणे नाहीशी होतात.

उत्पादकता वाढते हा दावा पुष्कळदा संशोधनाच्या आधारे केला जातो. अमेरिकेतील उटा विद्यापीठात २००३ साली या विषयावर झालेला अभ्यास त्यासाठी वारंवार पुढे केला जातो. त्या अभ्यासाला पडदे बनवणाऱ्या आणि चित्रदर्शी यंत्रभाग बनवणाऱ्या कंपन्यांचेच साहाय्य होते, हे सहसा सांगितले जात नाही. त्यामुळे निष्कर्ष खोटा ठरतो असे नव्हे. दोन पडद्यांवर काम लवकर होते हे कर्मचारीही सांगतात. परंतु अशा अभ्यासांतून काम किती वेगाने झाले हे मोजले जाते. त्या वेगाचे फळ कोणाच्या वाट्याला गेले, हा त्यांचा प्रश्नच नसतो. तो प्रश्न कामगार संघटनेने विचारावयाचा असतो.

वित्तव्यवहारात पडद्यांची संख्या कशी वाढत गेली, याचा इतिहासही हेच शिकवतो. १९७३ साली रॉयटर्सने चलनांचे दर पडद्यावर दाखवण्याची सेवा सुरू केली. १९८० च्या दशकात ब्लूमबर्गचे स्वतंत्र यंत्र सटोडियांच्या मेजावर आले. प्रत्येक सेवेचा पडदा वेगळा, म्हणून एका माणसासमोर पडद्यांची भिंतच उभी राहिली. मुंबईच्या शेअर बाजारात १९९५ च्या मार्चमध्ये संगणकीय व्यवहार सुरू झाले आणि ओरडून सौदे करणाऱ्यांची ती गजबजलेली रिंग ओस पडली. पुढे १९९८ च्या विंडोज प्रणालीत एकाच संगणकाला अनेक पडदे जोडण्याची सोय आली, आणि जे सौदे करणाऱ्यांच्या दालनात होते ते हळूहळू कारकुनाच्या मेजापर्यंत पोचले. मात्र सौदे करणाऱ्याला सहा पडद्यांबरोबर लाभांशाचा वाटाही मिळाला. कारकुनाला दुसऱ्या पडद्याबरोबर वाढीव लक्ष्य मिळाले.

शरीराचा हिशेब

या हिशेबात शरीराचीही एक बाजू आहे. माणूस पडद्याकडे एकटक पाहतो तेव्हा त्याच्या पापण्या कमी वेळा लवतात. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात. दोन पडदे असतील आणि ते नीट मांडलेले नसतील, तर मान दिवसभर एका अंगाला वळलेली राहते. मुख्य पडदा अगदी समोर, हातभर अंतरावर, वरची कड डोळ्यांच्या रेषेत. दुसरा त्याला लागून, किंचित आत वळवलेला आणि तितक्याच उंचीचा. दोन्हींचा प्रकाश सारखा. एवढे पथ्य पाळले तरी त्रास पुष्कळ कमी होतो. दोन्ही पडदे सारखेच वापरावयाचे असतील, तर त्यांचा सांधा नाकासमोर यावा. दुहेरी भिंगांचा चष्मा वापरणाऱ्या वयस्क कर्मचाऱ्यासाठी पडदा थोडा खाली घ्यावा लागतो, नाहीतर त्याला दिवसभर हनुवटी वर करून बसावे लागते. दर वीस मिनिटांनी वीसेक सेकंद दूरवर पाहावे, असा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला आहे. परंतु ज्या प्रणालीत बोटे थांबताच ‘निष्क्रिय वेळ’ मोजला जातो, तेथे हा सल्ला पाळणाऱ्याचीच नोंद कामचुकार म्हणून होते. कर्मचारी पडद्याकडे पाहत असतो आणि पडद्यामागून कोणीतरी कर्मचाऱ्याकडे पाहत असते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि हे कार्यालय घरात शिरले. स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी, मुलांच्या अभ्यासाच्या मेजावर लहानसा लॅपटॉप ठेवून कामे सुरू झाली. लक्ष्य मात्र दोन पडद्यांचेच राहिले. परिणामी अनेकांनी स्वतःच्या पैशाने दुसरा पडदा विकत घेतला. गिरणीच्या मालकाने तिसरा माग लादला, पण तो निदान विकत तरी स्वतः घेतला होता! उत्पादनाचे साधन कामगारानेच आणावे आणि त्याचे फळ मालकाने न्यावे, ही नवी रीत जेथे रुजली तेथे तिची दखल घेणे अगत्याचे आहे.

कायदा कोठे आहे?

युरोपीय समुदायाने मे १९९० मध्ये पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र निर्देश काढला. काम सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने नेत्रतपासणी, कामात नियमित खंड किंवा कामाचा पालट, आणि या साऱ्याचा आर्थिक भार कामगारावर पडता कामा नये, असे त्यात म्हटले आहे. एवढेच नव्हे, तर कामगाराच्या नकळत त्याच्या कामाची मोजदाद करणारी यंत्रणा वापरू नये, हेही त्यात नमूद आहे. ब्रिटनमध्ये त्यावर आधारलेले नियम १ जानेवारी १९९३ पासून अमलात आले.

भारतात त्याच सुमारास उलट दिशेने पाऊल पडले. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली, त्या दुरुस्तीत धोकादायक उद्योगांवरील बंधने कडक करण्यात आली हे योग्यच झाले. परंतु त्याच वेळी असाही खुलासा घालण्यात आला, की केवळ संगणक बसवला म्हणून एखादी जागा कारखाना ठरणार नाही. तांत्रिकदृष्ट्या यात गैर काही नसेलही. पण त्यामुळे आकड्यांचा कारखाना कारखान्याच्या कायद्याबाहेर राहिला आणि त्याच्यासाठी दुसरे पुरेसे छत्र कोणी उभारले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्यविषयक संहितेत, सरकार ठरवील त्या वयाच्या वा वर्गाच्या कर्मचाऱ्यांची वार्षिक आरोग्यतपासणी विनामूल्य करण्याचे कर्तव्य मालकावर टाकले आहे. या संहितांवर समाजवादी चळवळीचे आक्षेप आहेत आणि ते कायम राहतील. तथापि हे कलम हाताशी आहे. पडद्यावर काम करणाऱ्यांची नेत्रतपासणी त्यात यावी, अशी मागणी करण्यास कोणाची आडकाठी नाही. दुसरीकडे, सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतील कामाची मर्यादा नऊ तासांवरून दहा तास करण्यास मान्यता दिली, हेही विसरता येत नाही. यंत्राने दिवसाचे पन्नास मिनिटे वाचवावीत आणि राज्यकर्त्यांनी दिवस एका तासाने लांबवावा, यापेक्षा उपरोधिक गणित कोणते असणार?

चळवळीचा अनुभव

यंत्राच्या प्रश्नावर वित्तक्षेत्रातील संघटना अननुभवी नाहीत. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या विमा कर्मचाऱ्यांनी संगणक बसू नये म्हणून रात्रंदिवस पहारा दिला. स्वयंचलनाचा वाद इतका वाढला, की केंद्र सरकारला प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. तिचा अहवाल १९७२ साली आला. पुढे बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी मार्ग बदलला. ८ सप्टेंबर १९८३ रोजी बँकांच्या व्यवस्थापनांशी झालेल्या करारात यंत्रांना मर्यादित वाट देण्यात आली आणि तिच्या बदल्यात नोकरकपात होणार नाही याची हमी व यंत्र चालवणाऱ्यांना विशेष भत्ता पदरात पाडून घेण्यात आला. पहिल्या लढ्यातील निर्धार आणि दुसऱ्या करारातील हिशेबीपणा, दोन्हींची आज गरज आहे. त्या करारावर पुढे टीका झाली, काही ठिकाणी भरतीही आटली. परंतु यंत्र येण्यापूर्वी बोलणी झाली, ही गोष्ट मोलाची होती. आज दुसरा पडदा येतो तो भेटवस्तूसारखा, सणाच्या मिठाईप्रमाणे. त्याच्याबरोबर बोलणी येत नाहीत.

म्हणून कार्यकर्त्यांनी कार्यालयाकार्यालयांत जाऊन मांडावयाच्या मागण्या मोजक्या आणि ठोस असाव्यात. पहिली, ज्याचे काम मेळ घालण्याचे आहे अशा प्रत्येकाला, तो कायम असो वा ठेकेदारामार्फत आलेला, दुसरा पडदा व नीट बसण्याची सोय मालकाच्या खर्चाने मिळावी; घरून काम करणाऱ्यालाही. दुसरी, नवे साधन दिल्यानंतर कामाचे लक्ष्य संघटनेशी किंवा कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी चर्चा केल्यावाचून वाढवू नये. तिसरी, वाचलेल्या वेळाचा निदान अर्धा भाग विश्रांती आणि प्रशिक्षण यांसाठी राखावा. तासाला काही मिनिटे पडद्यावरून उठण्याचा हक्क लेखी असावा आणि ती मिनिटे निष्क्रिय वेळात मोजू नयेत. चौथी, वार्षिक नेत्रतपासणी आणि पडद्यासाठी लागणारा चष्मा विनामूल्य मिळावा. पाचवी, कामाची मोजदाद करणारी प्रणाली कोणती, ती काय टिपते आणि ते कोण पाहते, हे कर्मचाऱ्याला सांगितले जावे.

यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही, असा आक्षेप येईल. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभेत ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती या होत्या. त्या काळच्या शहाण्यांनाही त्या क्षुल्लकच वाटल्या असतील. रविवारच्या सुटीसाठी सहा वर्षे झुंजावे लागले. १८९० साली ती मिळाली. आज रविवार हा निसर्गानेच दिलेला असावा असे वाटते, इतका तो अंगवळणी पडला आहे. त्या अर्ध्या तासामागे तत्त्व एकच होते, की कामाच्या दिवसातला प्रत्येक क्षण मालकाचा नसतो.

तेव्हा दुसरा पडदा जरूर यावा. तिसराही लागत असेल तर यावा. परंतु त्याने वाचवलेल्या पन्नास मिनिटांचा हिशेब त्याच दिवशी मांडला जावा. काचेच्या इमारतीत दिवसभर दुसऱ्यांच्या हिशेबातील पैचाही मेळ घालणाऱ्या माणसाने एकदा स्वतःच्या वेळाचाही मेळ घालावा, आणि फरक निघाला तर तो कोणाच्या खाती गेला हे एकट्याने नव्हे, संघटित होऊन विचारावे. ते विचारण्याचे धैर्य त्या माणसाला यावे, यासाठी चळवळीने त्याच्या मेजापर्यंत पोचले पाहिजे.